इच्छामरणाचा कायदा आणि वैद्याचे कर्तव्य

'इच्छामरण' हा शब्द मराठी मनाला परका नाही. शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आणि १९८२ साली पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी केलेले प्रायोपवेशन आपल्या आधीच्या पिढीने पाहिले. जैन समाजातील सल्लेखनेची परंपराही आपल्याला ठाऊक आहे. मात्र या परिचयामुळेच एक घोटाळा होतो. परदेशात एखादा कायदा झाल्याची किंवा आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी येते, तेव्हा वृत्तपत्रे तिला 'इच्छामरण' हेच नाव देतात आणि वाचणाऱ्याच्या मनात अगदी भिन्न गोष्टी एक होऊन बसतात. असाध्य रोगाने ग्रासलेल्या रुग्णाचा मुलगा मग हलक्या आवाजात विचारतो, "वैद्यराज, आता आपल्याकडेही कायदा झाला म्हणतात, खरे का?"

या प्रश्नाला आपल्यापैकी किती जणांना नेमके उत्तर देता येईल? हा विषय अतिदक्षता विभागातील तज्ज्ञांचा आहे, आपला नाही, असे काही व्यवसायबंधू म्हणतील. आमचे मत याच्या उलट आहे. मोठ्या रुग्णालयाने 'आता घरी न्या' असे सांगितल्यानंतर रुग्ण ज्यांच्याकडे येतो, त्यांत आपण वैद्य आणि आपले औषधी विक्रेते अग्रभागी आहोत. म्हणून कायदा काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्यात आपले स्थान कोणते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ओरेगॉनचा कायदा

मरणासन्न रुग्णास वैद्यकीय साहाय्य देणाऱ्या कायद्यांचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचा 'डेथ विथ डिग्निटी ॲक्ट'. १९९४ साली तेथील मतदारांनी तो थेट मतदानाने संमत केला. न्यायालयीन अडथळे पार करून तो १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये अंमलात आला. लगेच पुढच्याच महिन्यात तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी तो फेटाळून लावला.

या कायद्यानुसार अर्ज करणारा रुग्ण अठरा वर्षांवरील, निर्णयक्षम आणि सहा महिन्यांच्या आत मृत्यू संभवतो अशा व्याधीने ग्रस्त असावा लागतो. रोगाचे निदान, साध्यासाध्यता आणि रुग्णाची निर्णयक्षमता यांची खातरजमा दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे करावयाची असते. रुग्णाने पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोंडी आणि एकदा दोन साक्षीदारांसमक्ष लेखी विनंती करावयाची असते. मृत्यू त्याहून निकट असल्यास या कालावधीतून सूट देण्याची तरतूद २०२० पासून आहे. मनोविकारामुळे विचारशक्ती झाकोळली असल्याची शंका आली, तर मानसतज्ज्ञाकडून तपासणी अनिवार्य ठरते. वेदनाशमन, हॉस्पिसमधील शुश्रूषा इत्यादी पर्याय रुग्णाला समजावून सांगणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. लिहून दिलेले औषध रुग्णाने स्वतःच घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याने देणे या कायद्यात बसत नाही. औषधविक्रेत्यांनी ध्यानात घ्यावी अशीही एक तरतूद आहे. औषध कोणत्या हेतूने लिहिले आहे हे डॉक्टरने रुग्णाच्या संमतीने औषधविक्रेत्यास आधीच कळवावे लागते, आणि यात सहभागी व्हावयाचे नसल्यास नकार देण्याची मुभा डॉक्टर व औषधविक्रेता या दोघांनाही आहे.

याच धर्तीचे कायदे पुढे वॉशिंग्टन राज्यात २००८ साली मतदानाने मंजूर झाले, कॅलिफोर्नियात २०१६ पासून आणि न्यू जर्सीत २०१९ पासून अंमलात आले. शेवटच्या दोन राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील मुले आपल्या गावाकडच्या आजारी आईवडिलांविषयी बोलताना या कायद्यांचा उल्लेख करतात, तो यामुळेच. परंतु ते कायदे त्या त्या राज्यातील रहिवाशांपुरते आहेत. नेदरलँड्सचा २००२ पासूनचा कायदा याहून निराळा. तेथे विहित अटी पाळून डॉक्टर स्वतः औषध देऊन रुग्णाचे जीवन संपवू शकतो, आणि मृत्यू सहा महिन्यांच्या आत संभवला पाहिजे अशी अटही तेथे नाही.

ओरेगॉनचे आरोग्य खाते या कायद्याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यातून दिसणाऱ्या दोन गोष्टी आम्हाला विशेष विचारार्ह वाटतात. पहिली अशी, की ज्यांना औषध लिहून दिले गेले, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांनी ते घेतलेच नाही. मार्ग उपलब्ध आहे एवढ्या जाणिवेनेच त्यांतील काहींना धीर आला असावा, असा तर्क करता येतो. दुसरी गोष्ट अशी, की विनंती करण्यामागे अधिक करून सांगितले जाणारे कारण वेदना हे नसून, स्वतःच्या आयुष्यावरील ताबा जाणे, जगण्यात गोडी न उरणे आणि प्रतिष्ठा हरवणे, ही कारणे आहेत. आपण कुटुंबावर भार होऊ, ही चिंताही पुष्कळांनी बोलून दाखविली आहे. या शेवटच्या कारणाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

आपल्या देशातील स्थिती

भारतात यांपैकी काहीही कायदेशीर नाही. मृत्यू घडवून आणणारे औषध देणे, सुचविणे अथवा त्यासाठी साहाय्य करणे हा आपल्याकडे गंभीर गुन्हा आहे. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे अपराध भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत. रुग्णाची विनंती होती, नातलगांची संमती होती, हा त्यावर बचाव होऊ शकत नाही.

मग आपल्याकडे मान्य झाले ते काय? या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. १९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी राज्याच्या विधान परिषदेत या विषयावर विधेयक मांडले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तेथेच जवळजवळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांच्यासंबंधीच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. याचिकेतील मागणी न्यायालयाने फेटाळली, पण काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबविता येतील हे तत्त्व मान्य केले. रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा २०१५ साली त्यांचा नैसर्गिक मृत्यू होईपर्यंत निष्ठेने केली.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि 'लिव्हिंग विल' म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची पद्धत फार क्लिष्ट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता सज्ञान व शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष असे इच्छापत्र करू शकते आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घेता येते. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागत असे. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावेही त्यात नमूद करावयाची असतात.

प्रत्यक्ष उपचार थांबविण्याचा निर्णय मात्र एका व्यक्तीचा नसतो. रुग्णालयातील प्राथमिक मंडळ, त्यानंतर दुय्यम मंडळ, नामनिर्देशित व्यक्तींची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यास सूचना, असा हा क्रम आहे. या सर्वांत व्हेंटिलेटरसारखे कृत्रिम उपचार सुरू न करणे अथवा थांबविणे एवढेच अभिप्रेत आहे. व्याधीला तिच्या मार्गाने जाऊ देणे आणि औषधाने मृत्यू आणणे या दोहोंतील रेषा आपल्या न्यायालयाने पुसलेली नाही. रुग्णाच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून असे: मरण देण्याचा कायदा झालेला नाही, निरर्थक उपचार नाकारण्याचा हक्क मान्य झाला आहे.

'कौटुंबिक वैद्य' म्हणजे कोण?

२०२३ च्या या निर्देशांत एक छोटीशी तरतूद आहे, तिच्याकडे आपल्या संघटनेने लक्ष द्यावे असे आम्हाला मनापासून वाटते. इच्छापत्र करणाऱ्याने त्याची एक प्रत, असल्यास, आपल्या कौटुंबिक डॉक्टरकडे द्यावयाची आहे. महाराष्ट्राच्या असंख्य गावांत आणि निमशहरी वस्त्यांत कौटुंबिक डॉक्टर म्हणून लोक ज्याच्याकडे पाहतात, तो बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. घरातील तीन पिढ्यांची प्रकृती, स्वभाव, आर्थिक स्थिती आणि भाऊबंदकीही त्याला ठाऊक असते. रुग्णालयाच्या मंडळांत आपल्याला स्थान असो वा नसो, हा कागद ज्याच्या हाती विश्वासाने दिला जाणार, तो मनुष्य बहुतेक वेळा आपणच आहोत. तो कागद घेऊन कोणी आले असता 'हे काय आहे?' असे विचारण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

इच्छापत्राची दुसरी प्रत महापालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची आहे आणि तेथे ती जतन करण्यासाठी अभिरक्षक नेमावयाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्यानंतर महाराष्ट्रात अशा नेमणुका करण्यात आल्या. आपल्या गावी हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, एवढे तरी प्रत्येक वैद्याने विचारून ठेवावे.

शास्त्र काय सांगते?

कायद्याची ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे. ते म्हणजे, रुग्णाला आपली खरी स्थिती ठाऊक आहे. आपल्याकडील वस्तुस्थिती अशी आहे काय? फाईल घेऊन मुलगा आत येतो, वडील बाहेरच्या बाकावर बसलेले असतात आणि 'त्यांना फक्त अल्सर सांगितला आहे' असे आपल्याला बजावले जाते. हा अनुभव ज्याला आला नाही असा चिकित्सक विरळा. ज्याला कर्करोग झाल्याचेच माहीत नाही, तो शेवटच्या दिवसांविषयी कोणती इच्छा लिहून ठेवणार?

येथे काही व्यवसायबंधू चरकाचार्यांचा आधार देतील. इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायात, अरिष्ट लक्षणे दिसत असली तरी वैद्याने न विचारता मृत्यूची वार्ता सांगू नये, आणि जेथे ती रुग्णाला वा इतरांना घातक ठरेल तेथे विचारले तरी सांगू नये, असा स्पष्ट उपदेश आहे. तो आम्हाला शिरोधार्य आहे. परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. आचार्यांनी मौनाची अनुज्ञा दिली आहे, 'तीन महिन्यांत बरे करतो' असे म्हणण्याची नव्हे. शिवाय त्या उपदेशाचा हेतू रुग्णाला आघातापासून वाचविण्याचा आहे. आज सत्य दडवल्यामुळे रुग्ण अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेला, आप्तांपासून दूर मरत असेल, तर घातक काय ठरले याचा विचार करावयास हवा. 'तुमच्या आजाराविषयी तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यावेसे वाटते?' हा प्रश्न एकांतात, सावकाश विचारणे आचार्यांच्या उपदेशाशी विसंगत नाही. रुग्ण विचारील तेवढे सांगावे. तो थांबेल तेथे आपणही थांबावे.

असाध्याचे याप्य आणि प्रत्याख्येय हे भेद आपण प्रथम वर्षापासून शिकतो. असाध्य व्याधी बरी करावयास निघालेला वैद्य अर्थ, विद्या आणि यश गमावतो, असा इशारा सूत्रस्थानात आहे. त्याच सूत्रस्थानात आर्ताविषयी कारुण्य हे वैद्यवृत्तीचे अंग सांगितले आहे. या दोन वचनांत आम्हाला विरोध दिसत नाही. व्याधी प्रत्याख्येय असते, रुग्ण नव्हे. बरे करण्याचा दावा सोडून द्यावा, पण रुग्णाला सोडू नये. मलबद्धता, मुखपाक, अनिद्रा, शय्याव्रण यांसाठी मरणासन्न रुग्णालाही आपल्याकडून पुष्कळ काही मिळू शकते. तीव्र वेदनांसाठी मात्र मॉर्फिनसारख्या औषधाची गरज असते, तेव्हा उपशामक उपचार केंद्राकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना अशी औषधे ठेवणे सुकर झाले आहे. मुंबईच्या वांद्र्यातील शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यातील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून हे कार्य करीत आहे. टाटा स्मारक रुग्णालयातही हा विभाग आहे. हे पत्ते आपल्या टेबलाच्या काचेखाली असावेत.

औषधी विक्रेत्यांना दोन शब्द

या विषयात औषधी दुकानदारांचे दायित्व वैद्याइतकेच आहे. निराश झालेला नातलग चिठ्ठीशिवाय थेट दुकानात येतो आणि 'कॅन्सरवरचे काही' मागतो. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे, हे आपण जाणतोच. पण तोंडाने दिलेली हमी जाहिरातीपेक्षा कमी घातक नसते. अखेरच्या तीन महिन्यांत घरातील सोने मोडून घेतलेल्या डब्यांनी त्या कुटुंबाचे काय होते, ते आपण गावात राहून पाहतो.

याउलट कधी एखादा रुग्ण वा आप्त 'यातून सुटका करणारे काही द्या' असे म्हणतो. उत्तर निःसंदिग्ध नकाराचे असावे. परंतु नकार देऊन पाठ फिरवू नये. असे शब्द बहुधा असह्य वेदना, निद्रानाश किंवा एकाकीपणातून येतात. कोणता त्रास सर्वांत अधिक आहे हे विचारावे, घरच्यांना व वैद्यांना कळवावे, रुग्णाला एकटे राहू देऊ नये. केंद्र शासनाची 'टेलि मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा अशा वेळी उपयोगी पडते.

आमचे मत

ओरेगॉनसारखा कायदा आपल्याकडे व्हावा काय? आमच्या मते, आज होऊ नये. तेथील प्रत्येक अट कशावर तरी विसंबून आहे. सत्य जाणणारा रुग्ण, परस्परांपासून स्वतंत्र असे दोन डॉक्टर, सहज मिळणारी वेदनाशामक औषधे आणि घरापर्यंत पोहोचणारी हॉस्पिस सेवा या गोष्टी तेथे गृहीत आहेत. तेथेही 'मी ओझे होईन' ही चिंता रुग्ण व्यक्त करतात. जेथे उपचारांसाठी जमीन गहाण पडते, तेथे ही चिंता किती मोठी असेल! शेत वाचावे म्हणून मागितलेल्या मरणाला स्वेच्छेचे मरण म्हणणे आम्हाला मान्य नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणेही बळकट आहे, ते आम्ही नाकारत नाही. सुधारणा होईपर्यंत आजच्या रुग्णाने तळमळत राहावे काय, असे ते विचारतात. उत्तम शुश्रूषा मिळूनही काहींना परावलंबी जिणे नकोसे वाटते, हे ओरेगॉनच्या अहवालांतून दिसतेच. त्यामुळे वेदनाशमन हे या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. हा वाद पुढील पिढीला करावाच लागेल. आमचा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी सत्यकथन, मग वेदनाशमन, मग वैद्यकीय इच्छापत्र. या तीन पायऱ्या चढल्यानंतरच चौथीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला येईल. पहिल्या तिन्ही पायऱ्यांसाठी आज नव्या कायद्याची गरज नाही.

म्हणून आपल्या संघटनेस आमची विनंती आहे, की वैद्यकीय इच्छापत्राचा सुबोध मराठी नमुना कायदेतज्ज्ञांकडून तपासून प्रत्येक सभासदाकडे पोहोचवावा, जिल्हावार उपशामक उपचार केंद्रांची सूची करावी आणि वार्षिक अधिवेशनात असाध्य रुग्णाशी संवाद या विषयावर एक सत्र ठेवावे. औषधी दुकानदारांनाही त्यात निमंत्रण असावे. दरम्यान, प्रत्येकाने आपले स्वतःचे इच्छापत्र करून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे. स्वतःच्या घरात ज्याने हे बोलणे काढले नाही, त्याला ते रुग्णाच्या घरी काढणे अवघड जाते.